रिकाम्या जागेची विचारपूस

मी जर्मनीला निघाले तेव्हा नगरच्या आमच्या शेजारच्या काकूंनी मला मनापासून आशीर्वाद दिला होता. म्हणाल्या, "बरं झालं गं, आता तू तुझ्या माणसांत चाललीस." त्यात टोमणा नव्हता. आम्ही ख्रिस्ती, जर्मनी ख्रिस्ती लोकांचा देश, म्हणजे मी परदेशी नाही तर माहेरीच निघाले होते, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. शाळेत असताना अख्ख्या वर्गात ख्रिस्ती अशी मी एकटी. 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणणाऱ्या मैत्रिणींना दरवर्षी नव्याने समजावून सांगायचं, की बायांनो, हा दुःखाचा दिवस आहे. आता जिथे काही समजावून सांगावं लागणार नाही अशा ठिकाणी जायचं होतं.

ड्रेस्डेनमधल्या पहिल्या रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले आणि जागा मिळणार नाही म्हणून यांना घाई करून लवकर बाहेर काढलं. चर्चचं दार इतकं जड, की आम्ही दोघांनी मिळून ढकललं. आत शेकडो माणसं मावतील एवढी बाकं, आणि पुढे डावीकडे कोटाच्या गुंड्याही न काढता बसलेली दहा-बारा म्हातारी माणसं. हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मिळाली बाई जागा." मी त्यांना कोपराने ढोसलं, पण हसू मलाही आलं. घरी आल्यावर मात्र साडीची घडी घालता घालता मला रडू फुटलं, आणि ही साडी मी पुन्हा चर्चला नेसले नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. या शहरात मनोरे पुष्कळ आहेत, पर्यटक माना वर करून त्यांचे फोटो काढतात, पण रविवारी आत जाणारं माणूस विरळा. मी एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. तिथल्या एका सहकारिणीने एकदा विचारलं, रविवारी काय करतेस. म्हटलं, चर्चला जाते. तिने आवाज खाली केला, माझ्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? इथे श्रद्धा ही अशी गोष्ट आहे, की ती असेल तर काहीतरी बिनसलंय असं समजतात. आणि गणपतीत आपली मराठी माणसं जमली, की पुण्याचा कुणीतरी इंजिनियर हमखास म्हणतो, तुमचं काय बुवा, तुम्हाला इथे सगळं घरच्यासारखं. मी त्याला सांगते, की तुमच्या आरतीला आज जेवढी माणसं आहेत तेवढी माझ्या चर्चला नाताळ सोडला तर वर्षभरात दिसत नाहीत. त्याला ती थट्टा वाटते.

गर्दी नाही याचं मला हळूहळू काही वाटेनासं झालं. नगरला तरी आम्ही कुठे लाखांनी होतो? थोडक्यांत राहायची सवय आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची. मला लागली होती ती दुसरीच गोष्ट. एका हिवाळ्यात मी तापाने अंथरुणाला खिळले. ओळीने कितीतरी रविवार चर्चला गेले नाही. बरी होऊन परत गेले तेव्हा सगळ्यांनी पूर्वीसारखेच हात हातात घेतले, हवा कशी ओली आहे यावर बोलले, आणि आपापल्या ट्रामने निघून गेले. मी आले नव्हते हे कुणालाही जाणवलं नव्हतं. मी ट्राममध्ये बसले आणि ठरवून टाकलं, की मला या देशाकडून आता एकच हवं आहे. मी गेले नाही तर ते एकातरी माणसाच्या लक्षात यावं. एवढं झालं नाही तर त्या जड दाराशी माझं काही काम नाही.

हे हट्टाचं वाटेल, पण माझी वाढ तशी झाली आहे. नगरला आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत एखाद्याची जागा रिकामी दिसली, की संध्याकाळी दोघं जण त्याच्या घरी जात. आधी निरोप नाही, काही नाही. माझी आई हे काम वर्षानुवर्षं करत होती. पदर खोचून, पिशवीत चार लिंबं टाकून ती निघायची, आणि सोबतीला मी. तिचे काही नियम होते. का आला नाहीत असं विचारायचं नाही. उपदेश काय झाला ते सांगत बसायचं नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, "आज तुमची जागा रिकामी होती." मग घरातल्यांनी या म्हटलं तर आत जायचं, कॉटवर टेकायचं, चहा घ्यायचा, एखादं कडवं म्हणायचं, प्रार्थना करायची आणि निघायचं. आजारी माणसाकडेही हेच आणि पिऊन पडलेल्याकडेही हेच. मी एकदा वाटेत म्हटलं होतं, विचारलं तर काय बिघडतं? ती म्हणाली, "कारण त्याचं त्याला ठाऊक असतं. आपण आलो हे त्याला ठाऊक नसतं."

पाळकांशी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंशी, भांडून मंडळी सोडलेला एक सुतार होता. तो दारच उघडायचा नाही. आत रंधा चाललेला ऐकू यायचा, आईने हाक मारली की थांबायचा, आम्ही निघालो की पुन्हा सुरू. आई बंद दाराशी उभी राहून तिचं वाक्य म्हणायची, डोळे मिटून प्रार्थना करायची, लिंबं उंबऱ्यावर ठेवायची. मला लाज वाटायची, रस्त्यावरून जाणारे बघायचे. तो परत मंडळीत आला की नाही, हे सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तो आला नाही. आई मात्र तिचे पाय चालत होते तोवर जात राहिली.

आमच्या ड्रेस्डेनच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई आहेत. वय ऐंशीच्या आसपास, ताठ पाठ, आखूड पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांना मी मनात ऑर्गनवाल्या बाई म्हणते, इथेही तेच म्हणेन. एका रविवारी गीताची वेळ झाली आणि वरून ऑर्गनऐवजी एका छोट्या स्पीकरमधून ध्वनिमुद्रित संगीत आलं. पाळक एक तरुण बाई आहेत. त्यांच्याकडे आसपासची पाच चर्चेस, त्या घड्याळ बघतच येतात. त्यांनी बटण दाबलं, आम्ही गायलो, बटण बंद केलं. ऑर्गनवाल्या बाई कुठे आहेत हे कुणी विचारलं नाही. माझं डोकं तापलं. ज्यांच्या सुरांवर ही माणसं एवढी वर्षं गात आली त्या बाईंचं काम एका बटणावर भागलं? मी पाळकबाईंकडून पत्ता मिळवला आणि संध्याकाळी पिशवीत चार लिंबं टाकून निघाले. हे म्हणाले, टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतलीस का? मी म्हटलं, आजाऱ्याला भेटायला कसली टर्मिन. त्यांची भुवई वर गेलेली मी पाहिली.

त्यांच्या इमारतीच्या दारावरची बेल दाबली. बराच वेळ काही नाही. पुन्हा दाबली. मग बेलशेजारच्या बोलायच्या जाळीतून आवाज आला, घाबरलेला. "कोण आहे? काय झालंय?" मी नाव सांगितलं, चर्चमधली, आज तुमची जागा रिकामी होती, असं आईचं वाक्य जर्मनमध्ये जसं जमेल तसं म्हटलं.  मग आवाज आला, की मला काही नको आहे, धन्यवाद. आणि जाळी बंद झाली. वर पहिल्या मजल्यावरचा पडदा जरासा हलला. मी लिंबं पिशवीसकट पायरीवर ठेवली आणि निघाले. ट्रामच्या थांब्यापर्यंत मी रागाने बडबडत होते, आणि थांब्यावर पोचल्यावर मला आईची अशी आठवण आली, की दोन ट्राम आल्या आणि गेल्या तरी मी बाकावरून उठले नाही. रागावू तरी कुणावर? मला फक्त घरी जायचं होतं, आणि ते घर या ट्रामच्या रस्त्यावर नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या ऑर्गनवर होत्या. उपासना संपल्यावर खाली आल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. हातात माझीच पिशवी, धुऊन इस्त्री केलेली. म्हणाल्या, पाठ दुखत होती, आता बरी आहे, लिंबांबद्दल आभार. मग त्या जायला वळल्या आणि पुन्हा माझ्याकडे फिरल्या. विचारलं, "तुम्ही न सांगता का आलात?" रागाने नाही, अगदी शिकायला विचारावं तसं. मागच्या खोलीत कॉफी असते, तिथे बसून मी त्यांना सगळं सांगितलं. आई, रिकामी जागा, का ते न विचारणं, बंद दाराआडचा सुतार. त्या ऐकत होत्या. मधे एकच प्रश्न विचारला. "दार उघडत नव्हतं तरी जात होत्या?" मी म्हटलं, हो. "गेनाऊ, अगदी बरोबर," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, एखादा आकडा जुळल्यासारखं.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत चौदाव्या वर्षी शाळेतली सगळी मुलं राज्याशी निष्ठेची शपथ घेत. बाईंनी आणि त्यांच्या घरच्यांनी चर्चमधला विधी निवडला, शपथ घेतली नाही. संगीत शिकायला पुढे विद्यापीठात जायचं होतं, ते दार बंद झालं. आयुष्य कॅमेऱ्याच्या कारखान्यात भिंगं पुसण्यात गेलं आणि ऑर्गन रविवारपुरता राहिला. त्या वेळी मंडळीतले तरुण त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमत, पडदे ओढून गात. न सांगता वाजलेली बेल म्हणजे गुप्त पोलिसांची कोट घातलेली दोन माणसं आणि त्यांचे सभ्य प्रश्न, कोण येतं, काय बोलता. "आल्झो, तर असं," त्या म्हणाल्या, "मी बेलला घाबरते. तुम्हाला नाही."  मी त्यांना माजलेल्या समजले होते आणि त्या बिचाऱ्या दाराआड घाबरून उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी जरा वेळ राहू दिला.

त्या वर्षी आमच्या मंडळीच्या वडिलांची, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, एक मोठी बैठक झाली. चर्चचं छप्पर गळतं, माणसं घटतात, आता पुढे काय, हा विषय. या देशात अशा बैठका सगळीकडे चालू आहेत. मलाही बोलावलं होतं, बहुधा मी सगळ्यांत तरुण म्हणून, आणि माझी पन्नाशी उलटली आहे. कुणी म्हणालं मैफली भरवू, कुणी म्हणालं कॅफे काढू, लोक चर्चला येत नाहीत पण कॉफीला येतात. एका गृहस्थांनी मोबाइलवरच्या ॲपचं सुचवलं. सगळे चांगलेच लोक, सगळे चिंतेत, आणि सगळ्यांच्या बोलण्यातून एकच हुरहुर ऐकू येत होती, की एके काळी हे सगळं शहर आमचं होतं, ते परत कसं मिळेल. मला सांगावंसं वाटत होतं, की अहो, आमचं कधी काहीच नव्हतं, गल्लीतली चार घरं सोडून, तरी आम्ही मंडळी होतो. पण जर्मनमध्ये रागावता येईल इतकी माझी जर्मन चांगली नाही. तेवढ्यात ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "कोण आलं नाही हे आपण बघू शकतो. आणि त्यांच्या दाराशी जाऊ शकतो."

 मग हिशेब पाहणारे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, की कल्पना सुंदर आहे, पण डाटनशुट्झचं काय? म्हणजे माहितीच्या गोपनीयतेचा कायदा. कोण आलं आणि कोण नाही याची नोंद, पत्ते एकमेकांना देणं, यासाठी प्रत्येकाची लेखी संमती लागेल. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. मी घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मलाही हसू येत होतं. आईने पिशवी घेऊन निघायच्या आधी किती संमत्या घेतल्या असत्या?

ऑर्गनवाल्या बाईंनी मात्र पुढच्या बैठकीची वाट पाहिली नाही. दोन आठवड्यांनी मी कामामुळे रविवारी गेले नव्हते, आणि सोमवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता मी तुमच्याकडे न सांगता यायचं म्हणते, तुम्हाला सोयीचं आहे का? मी म्हटलं, सोयीचं आहे. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून हसले, हसता हसता डोळे पुसले. रविवारी बरोबर चारला बेल वाजली. दारात त्या, पिशवी हातात. माझेच शब्द पाठ करून आल्या होत्या. "मागच्या रविवारी तुमची जागा रिकामी होती." आत आल्या, पोहे संशयाने पण सगळे खाल्ले, एक कडवं म्हटलं, प्रार्थना केली आणि निघाल्या. पिशवीत चार लिंबं होती. परदेशात आल्यापासून कितीतरी रविवार गेले, पण त्या रात्री मी शांत झोपले.

त्यानंतर माझी जागा रिकामी राहिली की त्या येत. दरवेळी आधी फोन करून. मी एकदा सांगून पाहिलं, की फोनची गरज नाही. त्या म्हणाल्या, मी अजून शिकते आहे.

मागच्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दोघं नगरला गेलो. चांगली लांब रजा काढली होती. निघताना मी बाईंना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. नगरला पोचल्यावर मला झालं काय, की मी सगळीकडे आईला शोधत सुटले. आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. चर्च भरलेलं होतं, दाराबाहेर खुर्च्या मांडलेल्या, पडद्यावर गीतांचे शब्द, मोबाइलवर थेट प्रक्षेपण. मला ते आवडलं, खोटं का बोलू, गर्दीत मी मोठमोठ्याने गायले. मग लग्नाच्या दगदगीने मला ताप भरला आणि एका रविवारी मी घरीच राहिले. संध्याकाळी भावाने कडी लावली, तर मी त्याला म्हटलं, राहू दे जरा उघडं. उशी पाठीशी घेऊन मी दाराकडे तोंड करून बसले होते. फाटक वाजलं की कान टवकारत होते. एकदा दूधवाला होता, एकदा वहिनीची भाची.

मंडळीच्या ग्रुपवर मात्र हात जोडलेली चित्रं भराभर आली. लवकर बऱ्या व्हा, प्रभू बरं करो. भाऊ म्हणाला, "आता कोण कुणाच्या घरी जातं गं? सगळे दमलेले असतात. आणि न सांगता गेलं तर लोकांना आवडत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. तो स्वतः किती दमतो ते मी पाहत होते. पण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं, की ज्या घरासाठी मी इतकी वर्षं ट्रामच्या बाकावर बसून झुरले ते घर आता नगरलाही नाही. मग झुरायचं तरी कुठल्या दिशेला तोंड करून? कडी शेवटी मीच उठून लावली.

ड्रेस्डेनला परतलो तो सोमवार होता. दुपार. सामान जिन्याने वर ओढत होतो तर वरच्या मजल्यावरचा शेजारी धावत खाली आला. हा चाळिशीचा, एकटा राहणारा माणूस, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. त्याची आणि माझी ओळख एकाच वादातून झालेली. रविवारी सकाळी चर्चची घंटा त्याची झोपमोड करते, म्हणून त्याने तक्रार केली होती आणि त्यावर माझी सही मागायला आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. देव, चर्च वगैरे त्याच्या घराण्यात दोन पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. आता त्याने आमच्या बॅगेलाही हात लावला नाही. विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाई कुठे राहतात, तुम्हाला माहीत आहे ना?"

मला काही कळेना. मग त्याने जिन्यातच उभ्या उभ्या सांगितलं. आम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चारच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. तो डोकावला तर एक म्हातारी बाई आमच्या बंद दाराशी उभी. त्याने सांगितलं, ते भारतात आहेत. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे. मग बेल का वाजवता? त्या म्हणाल्या, जागा रिकामी आहे म्हणून. मग डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. याला वाटलं, बाईंना विसरायचा आजार असावा, कुणाला तरी कळवावं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. त्याने खुर्ची आणून दिली आणि विचारलं, तर त्यांनी त्याला भारतातल्या एका बाईची गोष्ट सांगितली, जी एका सुताराच्या बंद दाराशी जात असे. "त्या मला म्हणाल्या," तो म्हणाला, "माणूस घरात नसेल तर जायचं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. म्हणून त्या येतात. चुकायला नको म्हणून."

मी बॅगेवर बसले. हे माझ्या मागे उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी आई, लाज वाटून मी जिच्यापासून चार पावलं लांब उभी राहायचे ती, कुठल्या कुठे या जिन्यात येऊन पोचली होती. मी रडतेय हे पाहून शेजारी गडबडला, पण थांबला नाही. म्हणाला, की मग दर रविवारी त्या यायच्या आणि ते दोघं जिन्यात कॉफी प्यायचे. फार काही बोलायचे नाहीत. काल त्याने केक आणला होता. चार वाजले, पाच वाजले, त्या आल्याच नाहीत. त्याला नाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. सकाळी तो चर्चपर्यंत जाऊन आला, पण तिथे कुलूप होतं.

मी पाळकबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काल आमच्याकडे उपासना नव्हतीच, सगळ्यांना मिळून दुसऱ्या चर्चमध्ये बोलावलं होतं, कोण आलं कोण नाही ते सांगता येणार नाही. म्हणजे मंडळीत कुणालाही कळलेलं नव्हतं.  ऐंशीच्या घरातली एकटी बाई, आणि बेलला घाबरणारी. मी यांना सामान वर न्यायला सांगितलं आणि भावाच्या झाडाची लिंबं बॅगेतून काढली. शेजारी वर गेला आणि कोट घालून, कालचा केक डब्यात घेऊन आला. मी येऊ का, असंही त्याने विचारलं नाही. ट्राममध्ये त्याने एकदाच विचारलं, तिथे गेल्यावर काय बोलायचं असतं. मी त्याला आईचे नियम सांगितले. का ते विचारायचं नाही, एवढं त्याला फार आवडलं.

त्यांच्या इमारतीशी पोचलो. मी बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. वर पडदा हलतो का ते मी पाहत होते, तो हलत नव्हता. मला तो सुतार आठवत होता, आणि मी मनात म्हणत होते, की उघडू नका हवं तर, पण आत रंधा चालू द्या. मग जाळीत खरखर झाली आणि बसलेल्या घशाचा आवाज आला, "कोण?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "काल तुमची जागा रिकामी होती."

जरा वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "काल आपल्याकडे उपासनाच नव्हती. रिकामी होती हे कुणाला कळलं?"

मी बाजूला झाले. शेजारी जाळीपाशी वाकला, डबा छातीशी धरून. 

"मला," तो म्हणाला. "जिन्यात."

 मग वरून बटण दाबून उघडायचं ते कुलूप गुरगुरलं. दार जड होतं, आम्ही दोघांनी मिळून ते ढकललं.